नाहीसा झालेला पाय

बागो, २५ जुलै

अमा,

थोरली बहीण ना तू? सहा वर्षांत एक अक्षर धाडलं नाहीस, आणि धाडलंस तेही मोलमीनच्या गाडीच्या कंडक्टरकडं, गोळ्यांच्या पुडक्याला रबर लावून. चार ओळी. "मधुमेहाच्या गोळ्या आहेत. रोज दोन वेळा दे. त्याला मरू देऊ नकोस. माझी माफी मागायच्या आधी तर नाहीच." कंडक्टरनं चिठ्ठी आधीच वाचली होती. मला म्हणाला, "कोण रे ही? कडक दिसते." मी म्हटलं, बहीण. म्हणाला, "मग बरोबर आहे."

तर ऐक. आम्ही घरी नाही. अफेनं पावसाळ्याचे तीन महिने ध्यानकेंद्रात बसायचं ठरवलंय. हसू नकोस. हो, आपलाच बाप. लाथ घालून तुला घराच्या जिन्यावरून खाली पाडणारा तोच. आता तो तपकिरी लुंगी नेसून, मांडी घालून स्वतःच्या पोटाकडं लक्ष देत बसतो. पोट फुगलं की मनात म्हणायचं 'फुगतंय', बसलं की 'बसतंय'. सगळी विद्या एवढीच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

हे खूळ सान पेमुळं. आपल्या शेजारचा रेल्वेतला गार्ड आठवतो ना, तो. मागच्या वर्षी तो इथं बसला आणि त्याला टेप ऐकवली. म्हणजे असं, की ज्याचं ध्यान पार लागलं असं सयाडोंना, म्हणजे इथल्या मोठ्या भिक्खूंना, वाटतं, त्याला एका बंद खोलीत बसवून ज्ञानाच्या पायऱ्या सांगणारी टेप ऐकवतात. शाबासकी नाही, कागद नाही, कुणी काही बोलत नाही. पण खोलीत कोण गेलं ते दुपारपर्यंत गावभर होतं. अफे आठवडाभर घरात आपटत फिरत होता. "त्या सान पेला डबा कुठला नि इंजिन कुठलं कळत नव्हतं, त्याला टेप! आणि मी काय गोठ्यात जन्मलोय?"

माझं म्हणशील तर मी मोगोकच्या माणकांच्या खाणीतून परत आलो, ताप घेऊन. माणिक एकही नाही. वाटेत एका ट्रकवर महिनाभर होतो, त्याचा ड्रायव्हर झोपेत गाडी चालवायचा आणि जागेपणी आडवा व्हायचा, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी. म्हाताऱ्याला सोबत माणूस लागतो म्हणून केंद्रानं मला चटई दिली आणि दोन वेळचं जेवण. दुसरं दुपारी बाराच्या आत. बारानंतर कुणी काही खात नाही, कुत्रीसुद्धा. (कुत्री खातात. मी पाहिलंय.)

गोळ्या देतोय. तो मरत नाही. तशी माणसं लवकर मरत नाहीत.

चोज्वा


बागो, ११ ऑगस्ट

अमा,

तुझी एक ओळ मिळाली. "पायावर लक्ष ठेव, साखरेवाल्यांचे पाय जातात." बरं.

मीही बसतोय. रिकामा दिसलो की कुणीतरी झाडू हातात देतं, त्यापेक्षा डोळे मिटलेले बरे. मन पळालं तर त्याच्यावर रागवायचं नाही, 'पळालं' अशी नोंद करायची आणि पोटाकडं परत यायचं. माझा दिवस 'पळालं, पळालं' यातच जातो. खाज आली तर खाजवायचं नाही, 'खाजतंय' म्हणायचं. एका माशीनं माझ्या नाकावर अख्खा तास काढला. तिला सुद्धा टेप ऐकवायला हवी.

पण एक सांगतो, कुणाला बोललो नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी खरंच पोट कळायला लागलं. खांदे कुठं आवळलेत, जबडा कुठं दाबलाय, सगळं आपणहून सुटायला लागलं. ओल्या दोरीची गाठ सुटावी तसं. तेवढ्यात तीन ओळी पुढं बसलेला अफे खाकरला आणि माझा श्वास थांबला. अक्षरशः थांबला, पोट फुगायच्या मध्येच. मग दोन दिवस मी तेवढंच पाहिलं. तो खाकरला की थांबतो. दर वेळी. चोवीस वर्षांचा घोडा झालो, अमा, आणि माझं पोट अजून सात वर्षांचं आहे. तुझंही बघ एकदा. तिकडं मोलमीनला कुणी म्हातारा खाकरला की काय होतं ते.

चालण्याचं ध्यानही असतं. अनवाणी, विटांच्या वाटेवर, गोगलगाईसारखं. 'उचलला, नेला, ठेवला.' वाटेवर बोगनवेल पडते. परवा त्याचे पाय धुताना पाहिलं तर उजव्या तळव्यात काटा, निम्मा आत. मी नखं कापायच्या कात्रीनं उपटला. तो वर बघत म्हणाला, "झालं का धुऊन?"

त्याला कळलंच नव्हतं.

हळद लावली. काळजीचं काही नाही.

चोज्वा


बागो, ३० ऑगस्ट

अमा,

बस खाली आधी. त्यानं मला 'बाळ' म्हटलं.

पाण्याचा तांब्या दिला तर म्हणाला, "ठेव, बाळ." मी मागं वळून बघितलं कुणाला म्हणतोय. पंधरा दिवस झाले, त्यानं आवाज चढवलेला नाही. शिवी नाही. चार-चार तास हलत नाही. बायका त्याच्याकडं बोट न दाखवता बोट दाखवतात, नुसत्या भुवईनं. सान पे पुन्हा आलाय यंदा, आणि जळून कोळसा झालाय.

गोळ्या त्यानं सोडल्यात, हे तुला सांगायला हवं. म्हणतो, "गोळी घेतली की अंग जड होतं, बारीक काही दिसत नाही." मी आग्रह केला. तो रागावला नाही, नुसता हसला. हसला, अमा! आता हसणाऱ्या माणसाच्या तोंडात गोळी कोंबायची कशी?

एक दिवसाआड सयाडोंपुढं बसून सांगायचं असतं, काय दिसलं, काय नोंदलं. दहा-दहा जण एकदम. मी त्याच्या मागं, त्याला उठवायला-बसवायला. परवा तो म्हणाला, "भन्ते, उजवा पाय नाही."

"नाही म्हणजे?"

"मन नेतो तिथं, तर काही नाही. दुखणं नाही, ऊन नाही, गार नाही. विरून गेलाय."

"कुठपर्यंत?"

"घोट्यापर्यंत."

सयाडो पुढं झुकले. शरीर असं विरताना कळणं ही इथली मोठी पायरी आहे, पुस्तकात नाव आहे तिला. म्हणाले, "तो विरला असं कळतं कुणाला, ते पाहा."

बाहेर आल्यावर सान पे माझ्या कानाशी, "सबंध पाऊल? माझा तर मागच्या वर्षी नुसता अंगठा गेला होता."

तू विचारशील म्हणून लिहितो. सयाडोंनी दुसरं काही विचारलं नाही.

चोज्वा


बागो, १८ सप्टेंबर

अमा,

टेप ऐकवली. काल. अफे खोलीत गेला, दीड तासानं बाहेर आला. सान पे जेवला नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. परवा अंघोळीनंतर मी त्याची पाठ पुसत होतो. तो आता फार हळू बोलतो, शब्द शोधत, मध्येच थांबत. म्हणाला, "न्वेला जिन्यावरून मी पाडलं होतं."

मी पुसायचा थांबलो.

"हात मोडला का रे तिचा?"

"मोडला, अफे. वाकडाच जुळला."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, हल्ली बसल्या बसल्या लागते. मग म्हणाला, "तिला सांग, मी चुकलो. माझ्या तोंडानं सांगायला हवं. येईल का ती?" आणि रडला. नाक वाहू दिलं तसंच. मी शपथेवर सांगतो, एक शब्द माझा नाही यात.

तर ये. दिव्यांच्या पौर्णिमेला ये, तेव्हा सगळे आईबापांच्या पाया पडायला येतात, कुणी तोंड वर करून बघणारसुद्धा नाही. तुझ्या पोरीला आण. सहा वर्षं तू याच एका वाक्यासाठी गोळ्या पाठवल्यास ना? (सहा नाही, एकदाच पाठवल्यास. पण वाट सहा वर्षं पाहिलीस.)

बाकी ठीक. उजव्या पायाची बोटं चालून चालून काळवंडलीत थोडी. आणि ध्यानाच्या दालनात दहा दिवसांपासून घाण वास आहे. पावसाळ्यात उंदीर मरतात. पण गंमत बघ, ऐंशी माणसं बसलीत, प्रत्येकाच्या नाकात तो वास, आणि एकजण मान वळवत नाही. वळवायचीच नसते. ऐंशी जण मनातल्या मनात म्हणतायत, 'वास येतोय, वास येतोय.'

चोज्वा


बागो, इस्पितळ, ६ ऑक्टोबर

अमा,

पाय कापला. उजवा, गुडघ्याच्या खाली चार बोटं.

सापडला तो स्वयंपाकीण डो टिनला. ती ध्यान करत नाही, ऐंशी माणसांचा भात करते. वास दालनातून स्वयंपाकघरापर्यंत आला तशी उंदीर शोधायला काठी घेऊन आत शिरली. ओळीओळीनं वाकत, हुंगत अफेपाशी थांबली, काठीनं त्याची लुंगी वर केली आणि ओरडली, "अगं बाई! डोळे मिटून बसलात ते बसलात, नाकं पण मिटली का रे तुमची? माणूस सडतोय इथं!" पाऊल काळं पडलं होतं. घोट्याशी पांढरं काहीतरी वळवळत होतं.

अफेनं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं. म्हणाला, "गडबड नको, बाई."

भाताच्या हातगाडीवरून रस्त्यापर्यंत नेला. आता शुद्धीवर आहे. जगेल म्हणतात.

तू ये. ठरलंय तशीच ये. तो वाट बघतोय तुझी.

चोज्वा


बागो, इस्पितळ, २३ ऑक्टोबर

अमा,

कंडक्टरनं तुझा निरोप दिला, "पुन्हा लिहू नकोस म्हण." त्यानं तो मजा घेऊन दिला, दोनदा. मी तरी लिहितोय. हे वाचायचं नसेल तर पोरीला होड्या करायला दे, पण आधी ही पहिली बाजू वाच.

तू आलीस. दिवे आणले होतेस, नारळाच्या वड्या आणल्या होत्यास, पोरीच्या केसांत फूल. खाटेपाशी गुडघे टेकून, वाकडा हात आणि सरळ हात जोडून तू तीनदा डोकं टेकवलंस. आणि तो म्हणाला, "ही कोण?"

"न्वे, अफे."

"कोण न्वे? ती पळून गेली ती रांड? काय बघायला आलीस, पाय तुटलेला? बघ! पोट भरून बघ!"

तू माझ्याकडं बघितलंस. मग त्याला म्हणालीस, अगदी हळू, "तुम्ही माफी मागायला बोलावलंत म्हणून आले."

तेव्हा तो जे हसला, ते तू ऐकलंस. "माफी? मी? तुझी? अरे, हिच्या दुसऱ्या हाताला काय झालंय, तो सरळ कसा राहिला?" मग थुंकायचं भांडं फेकलं. ते पोरीला लागलं नाही, भिंतीला लागलं. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही, तुला माहीत आहे. मी लिहितो कारण मला एकदा सगळं ओळीनं नोंदायचंय, मध्ये न पळता.

इस्पितळाच्या पायरीवर तू विचारलंस, "तो असा होईल हे तुला माहीत होतं?" मी म्हटलं, नाही. मग विचारलंस, "दोन महिने पाय सडत होता, कुणीच कसं विचारलं नाही?" मी म्हटलं, कुणीच नाही.

दोन्ही खोटं.

पहिलं आधी. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. साखर इतकी चढली आणि पायातलं विष रक्तात गेलं, की माणूस सुस्तावतो, भ्रमतो, मऊ पडतो, काहीही बोलतो. त्यातलं त्याला आठवणार नाही. इन्सुलिन सुरू झालं तसा तो उतरत उतरत परत आपला बाप झाला. चौथ्या दिवशी त्यानं नर्सला शिवी दिली, पाचव्या दिवशी मला चमचा फेकून मारला. 'बाळ' म्हणणारा माणूस म्हणजे साखर होती, अमा. तुझी माफी साखरेनं मागितली होती. हे सगळं माहीत असून मी तुला लिहिलं, 'तो वाट बघतोय'. का? एकट्यानं ऐकून ऐकून कंटाळलो होतो. वाटलं, तूही ऐक थोडं. सहा वर्षं मी एकट्यानं ऐकलंय, तू मोलमीनला नूडल विकत होतीस.

आता दुसरं.

सयाडोंनी विचारलं होतं. त्याच दिवशी, ३० ऑगस्टच्या पत्रात लिहिलं त्याच बैठकीत. 'तो विरला असं कळतं कुणाला' म्हणाल्यावर ते थांबले आणि अफेच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. "पोरा, पाय तू धुतोस ना याचे? पायाला काही इजा, जखम?"

मी सकाळीच पाहिलं होतं. तळव्यातलं काट्याचं भोक नाण्याएवढं झालं होतं, आत पिवळं, करंगळी निळी. तुझी ओळ माझ्या खिशात होती.

मी म्हटलं, "नाही, भन्ते. चांगला आहे पाय."

तोंड गरम झालं. ते मला कळलं, कारण तोवर मला कळायला लागलं होतं. तळहात ओले. श्वास मात्र थांबला नाही. फुगलं, बसलं. फुगलं, बसलं. एवढा शांत श्वास मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

तू म्हणशील, दोन वेळच्या जेवणासाठी आणि चटईसाठी. ते होतंच, पाय दाखवला असता तर दोघांनाही घरी पाठवलं असतं. आणि तो 'बाळ' म्हणत होता, तेही होतं. कुणी एवढं गोड बोलत असताना त्याला बरं कशाला करायचं? पण या दोन्ही गोष्टींची मी चांगली नोंद घेतली आहे, बसून, रोज, या पंधरा दिवसांत, आणि त्यांच्या खाली आणखी एक आहे. तोच पाय होता तो. उजवा. तुला जिन्याच्या वरच्या पायरीवर ज्यानं मारलं तो. मी खाली उभा होतो, पाण्याचा हंडा घेऊन, आणि मला तू खाली येताना दिसलीस त्याच्या आधी त्याचं पाऊल दिसलं होतं. पुढचे वीस दिवस, टेपपर्यंत आणि टेपनंतरचेही पंधरा, मी ते पाऊल सकाळ-संध्याकाळ धुतलं, पुसलं, फडकं बांधलं, लुंगी खाली ओढली. निळी करंगळी, मग काळी, मग दुसरं बोट. घाई नव्हती. मी बघत होतो. सगळ्या केंद्रात माझ्याएवढं नीट लक्ष देऊन काही बघणारा दुसरा कुणी नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑगस्टअखेर आणला असता तर दोन बोटांवर भागलं असतं.

सयाडो एकदा येऊन गेले. खाटेपाशी उभे राहिले. अफेनं भिंतीकडं तोंड केलं. जाताना ते मला म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

"हो, भन्ते."

त्यांनी पुढं काहीतरी बोलावं म्हणून मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागं गेलो. ते पायऱ्या उतरून गेले.

आता कालचं, मग झालं. त्या नसलेल्या पायाला कळा येतात. होता तेव्हा ठणकाही नव्हता, आता नाही तर दिवसभर जळतो म्हणतो, बोटंन्‌बोटं. "दाब!" म्हणतो. मी चादरीवर, जिथं काही नाही तिथं, दाबतो. "खाली! अंगठा! जोर नाही का मेल्या हातात!" चादर दाबता दाबता मी त्याला सांगितलं. ओरडून नाही. सगळं, सयाडो, भोक, करंगळी, तुझी ओळ. मला माहीत होतं आणि मी सडू दिला.

मला वाटलं होतं तो भांडं फेकेल. मी डोकं वाचवायला तयार होतो. कुठंतरी असंही वाटलं होतं, रडेल.

तो माझ्याकडं बघत राहिला. इतका वेळ त्यानं मला कधी बघितलं नव्हतं, लहानपणी नाही, कधीच नाही. मग तोंडाचा एक कोपरा वर गेला. म्हणाला, "मला वाटायचं तू आईवर गेलास. नेभळट." आणि माझ्या गालावर थोपटलं, दोनदा, घोड्याला थोपटतात तसं. "शेवटी माझाच निघालास."

तेव्हा श्वास थांबला, अमा. तेव्हा थांबला.

त्याला पुढच्या आठवड्यात सोडतील. मी घरी नेतोय. शान डोंगरात एक काम होतं, चहाच्या मळ्यावर, ते मी नाही म्हणून कळवलं. कुठंही गेलो तरी हे वाक्य माझ्याबरोबर चालणार, मग निदान ज्याचं आहे त्याच्याजवळ राहीन. तू येऊ नकोस. गोळ्या पाठवू नकोस, इन्सुलिन इथं मिळतं, मी वेळेवर देतो, एक वेळही चुकवत नाही. तो खूप जगेल.

आत्ता त्याला सूप भरवून आलो. उकळतं होतं, त्याच्या ओठाला फोड आला. तो ओरडत होता, "फुंक ना, गाढवा!" मी चमचा तसाच धरला होता. माझा श्वास एकदम सरळ चालला होता, आत, बाहेर. चमच्यावर मी तो सोडला नाही.

चोज्वा